वॅटच्या हिशेबाने जुना गेमिंग संगणक : सोलापुरातील नोंदी

२०१७ साली जुळवलेला माझा रायझन ५ १६०० प्रोसेसरचा संगणक अजून व्यवस्थित चालतो, आणि अडचण नेमकी तीच आहे. तो बंद पडला असता तर नवा घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. चालत्या यंत्राच्या बाबतीत मात्र प्रत्येक भागाचा वेगळा हिशेब मांडावा लागतो. सुरुवातीची जुळणी अशी होती : बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १०६० चे ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), ६०० व्हीएचा यूपीएस आणि १०८०पी, ७५ हर्ट्झचा मॉनिटर.

हा प्रश्न पुढे ढकलणे ऑक्टोबर २०२५ पर्यंत शक्य होते. त्या महिन्याच्या १४ तारखेला विंडोज १० ची नियमित अपडेट बंद झाली, आणि त्याच महिन्यात एनव्हिडियाने १०६० ज्या पिढीतले आहे त्या पास्कल कार्डांसाठी नव्या खेळांना अनुसरून ड्रायव्हर काढणे थांबवले. यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला केवळ सुरक्षेची अपडेट मिळणार आहेत. रायझन ५ १६०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. शिवाय ‘डूम : द डार्क एजेस’सारख्या खेळांना रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचे गणित करून दृश्य रंगवण्याची, सोय असलेले कार्ड अनिवार्य असल्याने ते १०६० वर चालतच नाहीत, सेटिंग कितीही खाली आणले तरी.

खरेदीचा विचार करण्यापूर्वी अडथळा कोठे आहे हे मोजून घेतले. आफ्टरबर्नर या मोजणीच्या प्रोग्रॅमचे आकडे पडद्यावर ठेवून खेळताना कार्डाचा वापर ९७–९९ टक्के दिसत असेल, तर कार्ड कमी पडते आहे. तो ६०–७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि रिझोल्यूशन ७२०पी केल्यावरही फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) वाढत नसतील, तर प्रोसेसर मागे पडतो आहे. माझ्याकडे गर्दीच्या शहरी दृश्यांत दुसरा प्रकार आढळला आणि मोकळ्या मैदानांत पहिला. म्हणजे दोन्ही भाग थकले आहेत. मात्र खेळताना जाणवणारा झटका प्रोसेसरचा होता, कारण सरासरी ६० असतानाही सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग ३४ पर्यंत घसरत होता.

आता सोलापूरचा मुद्दा, आणि माझ्या मते येथील कोणाही हौशी माणसाचा निर्णय यावरच ठरायला हवा. हीटसिंक कितीही मोठा असला तरी तो चिपचे तापमान खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही; तो केवळ दोहोंमधील फरक कमी राखतो. परीक्षणांतील आकडे बहुतेक वेळा २१ ते २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीतले असतात. आमच्या पूर्व भागातील पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी ३९–४० अंश असतात, त्यामुळे परीक्षणात ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर येथे सहज ८५ च्या घरात जातो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, घेतलेली मोजणी आणि मागच्या मे महिन्यातली मोजणी यांत बारा अंशांचा फरक होता, आणि तो जवळजवळ पूर्णपणे खोलीच्या तापमानातला फरक होता. खोलीत पाण्याचा कूलर लावला तर तापमान उतरते, परंतु हवेत ओल येते. शेजारी यंत्रमाग असल्याने सुताचे बारीक तंतू हवेत असतातच. ओल लागली की ते हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखे बसतात. फॅन हाताने अडवून ब्लोअर मारल्यावर आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसर व हीटसिंक यांमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलल्यावर प्रोसेसर नऊ अंशांनी उतरला. ही साफसफाई कोणत्याही खरेदीच्या आधी व्हावी, अन्यथा पुढचे सगळे आकडे फसवे निघतात.

संगणक जितके वॅट ओढतो, तितकी सगळी उष्णता अखेर खोलीतच उतरते. २५० वॅटचे एकटे कार्ड आणि त्याला साजेसा प्रोसेसर घेतला, तर मे महिन्यात स्वतःच्या पायाशी हीटर लावून बसल्यासारखे होईल. दुसरी मर्यादा यूपीएसची आहे. ६०० व्हीएचे यूपीएस सामान्यतः ३६० वॅटच्या आसपासच भार पेलतात. त्याहून अधिक ओढ असताना वीज गेली की तो सांभाळण्याऐवजी स्वतःच बंद पडतो. माझा जुना संच मॉनिटरसह खेळताना २५० वॅटच्या आत राहत असे. म्हणून ‘एका रुपयात किती फ्रेम’ या नेहमीच्या मापाऐवजी मी ‘एका वॅटमागे किती फ्रेम’ हे माप धरले, आणि एकूण ओढ ३०० वॅटच्या वर जाऊ द्यायची नाही, अशी अट घालून घेतली.

पूर्ण नव्या संचाचा पर्याय या अटीमुळे बाद झाला नाही. तो रॅममुळे झाला. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या खाचेवर) केवळ डीडीआर५ चालते, आणि २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव कडाडले आहेत. हाताशी चांगली डीडीआर४ असताना ती बाजूला ठेवून या भावात नवी घेणे मला पटत नाही. उलट माझ्या जुन्या एएम४ सॉकेटची गोष्ट वेगळी आहे. एएमडीने २०२२ मध्ये ३००-मालिकेच्या मदरबोर्डांनाही रायझन ५००० चा मार्ग मोकळा केला, त्यामुळे २०१७ च्या बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो. हौशी मंडळींचा आग्रह ५८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डीचा असतो आणि त्यांच्या ९६ एमबी कॅशेचा (प्रोसेसरमधल्याच जलद मेमरीचा) लाभ खराच आहे. पण दोन्ही १०५ वॅट गटातले आहेत, आणि ७५ हर्ट्झच्या पडद्यावर त्या लाभाचा मोठा भाग दिसणारच नाही. ५६०० हा ६५ वॅटचा, म्हणजे जुन्या १६०० इतकाच.

बदल करताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केला, तोही यूपीएस पूर्ण चार्ज असताना, कारण त्या मिनिटांत वीज गेली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. एएम४ च्या प्रोसेसरला खाली पिना असतात आणि सुकलेल्या पेस्टमुळे कूलर ओढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून संगणक थोडा वेळ चालवून गरम केला, बंद केला आणि कूलर अलगद पिळून सोडवला. ५६०० बरोबर आलेला छोटा रेथ स्टेल्थ कूलर खोक्यातच ठेवून १६०० बरोबरचा मोठा रेथ स्पायर पुन्हा बसवला. एक अनपेक्षित लाभ असा झाला की ३२०० च्या ज्या रॅम आजवर २९३३ च्या वर स्थिर राहत नव्हत्या, त्या नव्या प्रोसेसरवर पूर्ण वेगाने चालू लागल्या. त्याच दृश्यात मंद एक टक्क्याचा आकडा ३४ वरून ५२ वर आला. बायोसमध्ये एफटीपीएम ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय सुरू केल्यावर विंडोज ११ ही विनातक्रार बसले.

एसएमपीएस अजून चालत होता, तरी बदलला. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते, आणि सोलापूरचे इतके उन्हाळे सोसलेल्या एसएमपीएसवर नवे कार्ड टांगणे मला योग्य वाटले नाही. नवा ५५० वॅटचा आहे.

कार्ड तूर्त १०६० च आहे. डोळ्यापुढे १३२ वॅटचे आरएक्स ६६०० आणि ११५ वॅटचे आरटीएक्स ४०६० अशी दोन आहेत. दोन्ही ८ जीबीची, दोन्ही आठ लेनची (लेन म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांमधली डेटाची वाट). बी३५० वर या जोडणीची जुनी पिढी, पीसीआयई ३.०, असल्याने थोडा तोटा होईल, पण चार लेनच्या आरएक्स ६५०० एक्सटीला बसतो तितका नाही. ते कार्ड जुन्या बोर्डावर कोणी घेऊ नये. १७० वॅटचे आरटीएक्स ३०६० बारा जीबीमुळे मोह घालते, पण माझ्या हिशेबात ते बसत नाही. नव्या प्रोसेसरसह मे महिन्यातील ओढ आणि तापमान मोजल्यानंतरच खरेदी करेन. पुण्याहून सेकंडहँड आणायचे झाल्यास विक्रेत्यासमोर अर्धा तास पूर्ण भारावर चालवून हॉटस्पॉटचे (चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचे) तापमान पाहणे आणि मूळ बिल हातात घेणे, या दोन अटींवरच व्यवहार होईल.