अर्धंच संभाषण का ऐकू येतं? सागरी व्हीएचएफ, नोंद ३

सागरी व्हीएचएफ म्हणजे जहाजं आणि किनारा ज्यावर बोलतात तो रेडिओ. मागच्या नोंदीच्या वेळी डोंगलसोबत (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आलेली वीतभर अँटेना खिडकीच्या गजाला अडकवली होती आणि चॅनेल १६ वर (हाक मारण्याचा आणि संकटाचा चॅनेल) सात सागरी मैलांपलीकडचं काहीच येत नव्हतं. या सहा आठवड्यांत अँटेना नवी झाली, जागा बदलली आणि एक कोडं सुटलं. सगळं फक्त ऐकण्याचं काम आहे. प्रक्षेपणाला परवाना लागतो, तो माझ्याकडे नाही. काही देशांत नुसतं ऐकण्यावरही बंधनं आहेत, तेव्हा आपापले नियम बघून घ्या. जहाजांवरची माणसं काय बोलली, ते मी इथे कधीच लिहिणार नाही.

अँटेनेपासून सुरुवात करतो. चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. ३०० ला या आकड्याने भागलं की तरंगलांबी मिळते, १.९१ मीटर. एआयएससाठी (जहाजं आपली ओळख आणि जागा आपोआप सांगतात ती यंत्रणा) १६२ धरलं तर १.८५ मीटर. (सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, त्यामुळे हा आकडा आता डोक्यातून जात नाही.) तिचा चौथा भाग ४६ सेंटिमीटर. तारेत थोडं कमी धरावं लागतं म्हणून मी ४४ ला कापलं: तांब्याची एक उभी तार, खाली ४५ अंशांत झुकलेल्या चार. चार तारा आडव्या न ठेवता झुकवल्या की अँटेना ५० ओहमच्या केबलशी बरीच जुळते.

सोल्डर करून उत्साहाने टेबलावर आडवी ठेवूनच चाचणी घेतली आणि होती ती जहाजंही गेली. वाटलं, जोड कच्चा राहिला. तासभर तपासत बसलो, मग सहज उचलून उभी धरली तर पडदा भरून गेला. जहाजांच्या अँटेना उभ्या असतात, लहरीही उभ्याच ध्रुवित होतात. आडव्या तारेला त्यातलं फारच थोडं मिळतं. वाचलं होतं हे, पण हातात अँटेना फिरवताना आवाज मरताना आणि परत येताना ऐकला तेव्हा खरं पटलं.

फरक मोजायला मला एआयएससारखी दुसरी फूटपट्टी सापडलेली नाही. आवाजावरून "बरं ऐकू येतंय" एवढंच कळतं. एआयएसमध्ये मात्र जहाज आपली जागा स्वतःच सांगतं, त्यामुळे सिग्नल किती लांबून आला हे थेट काढता येतं. १६१.९७५ आणि १६२.०२५ अशा दोन फ्रिक्वेन्सी, म्हणजे अवघं ५० किलोहर्ट्झचं अंतर, एकच डोंगल दोन्ही पकडतो. प्रत्येक चॅनेलवर मिनिटाचे २,२५० तुकडे पाडलेले असतात आणि जहाजं आपापसांत ते वाटून घेतात. चालतं मोठं जहाज दर २ ते १० सेकंदांनी बोलतं, नांगर टाकलेलं ३ मिनिटांनी एकदा.

तर खिडकीतच, समुद्रापासून साधारण ६ मीटर उंचीवर, नव्या अँटेनेने टप्पा ७ वरून १५ सागरी मैलांवर गेला. मग ती गच्चीवरच्या खांबावर चढवली, उंची २४ मीटर. मोठी जहाजं २१ मैलांपर्यंत दिसू लागली. रेडिओचं क्षितिज किती लांब, याचा हिशेब असा: दोन्ही अँटेनांच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढायची, बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. जहाजाची अँटेना २५ मीटरवर धरली तर खिडकीतून जेमतेम ३१ किलोमीटर, गच्चीवरून ४१, म्हणजे २२ सागरी मैल. हवेत लहरी किंचित वाकतात, म्हणून हे क्षितिज डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजापेक्षा थोडं पुढे असतं, एवढीच काय ती सवलत.

हाच हिशेब हातातल्या दोन सेटांना लावून बघा. दोघंही पाण्यापासून २ मीटरवर असतील तर कागदावरची कमाल सव्वासहा मैल. सेट ५ वॅटचा असो की २५ चा, मधे आलेलं पाण्याचं फुगीर पोट वॅटने हटत नाही. शिडाच्या होडीवर अँटेना डोलकाठीच्या टोकाला का नेतात, ते यातच आलं. पण शक्तीला काहीच अर्थ नाही असंही नाही: लहान बोटींचे २ वॅटचे एआयएस मला ११ मैलांवरच हरवतात. त्यांची अँटेना ४ मीटरवर धरली तर क्षितिज १५ मैलांवर येतं. वरचे चार मैल कमी शक्तीनेच खाल्ले असावेत.

केबलबद्दल एकच सांगतो. आरजी-५८ ही पातळ केबल १५ मीटर असेल तर या फ्रिक्वेन्सीला जवळपास ३ डेसिबल खाते, म्हणजे निम्मा सिग्नल वाटेतच जातो. मी छोटा कॉम्प्युटरच वर डब्यात ठेवला आणि केबल २ मीटरवर आणली.

आता कोडं. चॅनेल २० वर, १५७.००० ला, मला जहाजं कोणाला तरी उत्तर देताना ऐकू यायची, पण प्रश्न विचारणारा ऐकूच यायचा नाही. १६ वर असं कधी होत नव्हतं. बरेच दिवस किनाऱ्यावरचं केंद्र डोंगराआड असेल असं समजून चाललो होतो. खरं कारण चॅनेलच्या तक्त्यातच होतं. १६, ६, १३ हे सिम्प्लेक्स आहेत, सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात आणि ऐकतात. २० ड्युप्लेक्स आहे. जहाज १५७.००० वर बोलतं, किनारा त्यापेक्षा ४.६ मेगाहर्ट्झने वरच्या १६१.६०० ला. म्हणून अशा चॅनेलवर एका जहाजाला दुसरं जहाजही ऐकू येत नाही, दोघांनाही फक्त किनारा ऐकू येतो. एकमेकांशी बोलायचं तर सिम्प्लेक्स चॅनेलच घ्यावा लागतो. माझा डोंगल एका वेळी २.४ मेगाहर्ट्झ पट्टा पाहतो, त्यामुळे दोन्ही बाजू त्यात मावणारच नव्हत्या.

चॅनेल ७० वर (१५६.५२५) आवाजाला बंदीच आहे. तिथे डीएससीचे (आवाजाऐवजी आकड्यांतून जाणारे कॉल) अर्ध्या सेकंदाच्या आसपासचे झटके येतात, १२०० बॉडचे (सेकंदाला १२०० चिन्हं), १३०० आणि २१०० हर्ट्झच्या दोन स्वरांत. माझ्या डिकोडरने आत्तापर्यंत नेहमीचे कॉल आणि चाचण्याच पकडल्यात. सेटवरचं झाकणाखालचं संकटाचं लाल बटण दाबलं की याच वाटेने जहाजाचा नऊ आकडी ओळख क्रमांक (एमएमएसआय), जागा आणि वेळ बाहेर पडते आणि पोच मिळेपर्यंत साधारण चार मिनिटांनी कॉल पुन्हा जातो. सेटला जीपीएस जोडलेला नसेल आणि जागा हातानेही भरलेली नसेल, तर शोधणाऱ्यांना हवी ती गोष्टच त्यात नसते. बोट असलेल्या मित्रांनो, तेवढी जोडणी आजच तपासा.

एका दुपारी १६ वर वीस मिनिटं फक्त इंजिनाची घरघर होती. कोणाच्या तरी माइकचं बटण दबून राहिलं होतं. सागरी व्हीएचएफ एफएमवर चालतं आणि एफएममध्ये जोरदार सिग्नल कमजोराला पूर्ण गिळतो. विमानांच्या एएममध्ये निदान शिट्टी तरी ऐकू येते, इथे दुसरा कोणी आहे हेसुद्धा कळत नाही. त्या वीस मिनिटांत आसपास कोणी हातातल्या सेटवरून तीनदा मेडे (जीव धोक्यात असल्याची हाक) म्हटलं असतं तरी मला ते ऐकू आलं नसतं, आणि हा विचार संध्याकाळपर्यंत सुटला नाही. बंदरात १ वॅटवर, म्हणजे सिग्नल लांबच्यांना अडवणार नाही असं, बोलायचा नियम किती मोलाचा आहे, तेही त्या दिवशी उमगलं.

एका उकाड्याच्या, वारा पडलेल्या संध्याकाळी मात्र नकाशावर १२० मैलांवरची जहाजं उगवली. आधी जीपीएसची चूक वाटली, पण एकाच दिशेची पंधरा-वीस जहाजं एकदम चुकणार नाहीत. थंड पाण्यावर उबदार हवेचा थर बसला की लहरी त्याखाली अडकून पृथ्वीच्या वळणाबरोबर लांब जातात. साडेनऊला सगळी मावळली.

पुढचं काम: दुसरा डोंगल १६१.६०० साठी, आणि ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या रेडिओ केंद्रांना अडवणारा फिल्टर, कारण गच्चीवर चढल्यापासून रिसीव्हर त्यांच्याच जोराने दबतोय. फिल्टर दोन्ही डोंगलांच्या आधी एकच लावून मग सिग्नल वाटावा की प्रत्येकाला वेगळा द्यावा, हे कोणी करून पाहिलं असेल तर कळवा.