तुम्ही विचारलंत म्हणून: कुठली झाडं लावू?

गेटाशी थांबून लोक विचारतात, "आम्हालाही बाग करायचीय, कुठली झाडं लावू?" मोबाइलमध्ये नर्सरीतल्या फुललेल्या रोपांचे फोटो तयार असतात. मी उलट विचारते, "डिसेंबरात तुमच्या घराची सावली कुठवर जाते?" मग त्यांना वाटतं, बाईंना सांगायचंच नाहीये.

कोल्हापुरात घर बांधलं तेव्हा मागच्या अंगणात, म्हणजे उत्तरेला, थंडीभर ऊन फिरकलं नाही. सावलीची जागा म्हणून जानेवारीत मी तिथे नेचे आणि ॲन्थुरियम लावले. एप्रिलपर्यंत दृष्ट लागावी असे होते. मेमध्ये आठ दिवसांत पानं पांढरी पडली, कडा करपून पापडासारख्या मोडायला लागल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आमच्या डोक्यावरून उत्तरेला जातो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारी त्याच अंगाला असतो, हे शाळेत शिकले होते. अंगणात लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

त्या डिसेंबरात भर दुपारी टेप लावला. वीस फुटी घराची सावली मागे जवळजवळ सतरा फूट. तिच्या टोकाला चुन्याची रेघ मारली. मार्चअखेर पुन्हा मोजलं तर जेमतेम साडेचार फूट. दुसरी रेघ. घरच्यांनी विचारलं, खो-खोचं मैदान आखतेयस का? पण या दोन रेघांमधल्या पट्ट्यानेच मला मोगऱ्याची जागा दाखवली. मोगरा थंडीत तसाही झोपलेला असतो, तेव्हा सावली असली तरी बिघडत नाही. जानेवारीअखेर छाटायचा, थोडे दिवस पाणी तोडायचं, आणि तो पालवायला लागला की ऊन आपणहून तिथवर पोचतं. शेवंतीचं नेमकं उलटं. ती थंडीत फुलते, म्हणून ती पुढच्या, दक्षिणेच्या अंगणात.

ऊन कळलं तरी माती राहते. आमची काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात चप्पल ओढून घेणारा चिखल. पहिल्या वर्षी सोनचाफ्याच्या कलमासाठी दोन फुटी खड्डा घेतला, त्यात लाल माती आणि शेणखत भरलं. जुलैत पानं पिवळी पडली, तेव्हा मी वरून आणखी पाणी घातलं! माळीमामांनी रोप उपटून मुळं माझ्या नाकाशी धरली. काळी, बुळबुळीत, गटारासारखा वास. "वैनी, ह्ये तहानलेलं न्हाई, बुडलंय." भोवती चिकण काळी माती आणि मध्ये भुसभुशीत भरण, म्हणजे खड्डा नव्हे, वाटीच, पाणी येतं, जात नाही. आता आधी हातभर खड्ड्यात पाणी ओतून बघते. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच असेल तर खाली जायचं नाही, गादीवाफा करून वर लावायचं. दुसरा सोनचाफा असाच उंचावर आहे, भिंतीपासून लांब.

राहिला देखणेपणा. नर्सरीत गेलं की एक हे, एक ते, असं करत वीस प्रकार घरी येतात आणि बाग लग्नात आहेर मांडून ठेवल्यासारखी दिसते. प्रकार कमी, पण एकेकाचा घोळका हवा. फाटकापासून पायरीपर्यंत माझ्याकडे नुसती पावसाळी लिली आहे. एरवी गवतासारखी, कुणी बघतही नाही. पहिल्या पावसानंतर चार-पाच दिवसांत सगळी वाट एकदम गुलाबी होते. प्राजक्त मात्र अशा ठिकाणी लावा जिथून सकाळी चहा घेताना खालचा सडा दिसेल. माझा गच्चीच्या जिन्यामागे आहे, ते चुकलंच.

परवा एकजण म्हणाले, डिसेंबरपर्यंत थांबायला आम्हाला वेळ नाही. मग विचारलं, मोरीचं पाणी कुठे जातं? मागे, म्हणाले, कायम ओल असते. कुदळ घेऊन सोनटक्क्याचे चार कंद काढले, वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. पिशवी आणली नव्हती, त्यामुळे स्कूटरच्या डिकीत हेल्मेटशेजारी माती सांडत गेले.