स्टूल कल्चर : गुलाबी गर्दीतली फिकी कॉलनी

पावसाळा लागला की आमच्या नेरूळच्या लॅबमध्ये स्टूल कल्चरच्या (शौचातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या) डब्या वाढतात, आणि नेमकी तेव्हाच दमट हवेने मीडियाची, म्हणजे जंतू वाढवायच्या माध्यमाची, पावडर आळायला लागते. शोध मुख्यतः साल्मोनेला आणि शिगेला या रोगजंतूंचा; आतड्यातला नेहमीचा ई. कोलाय त्यांच्याभोवती गर्दी करतो. गोळे धरलेली पावडर मी सरळ टाकून देते. तिच्यात पाण्याचंही वजन असतं, त्यामुळे काट्यावर वजन बरोबर दिसलं तरी मीडिया पातळ बनतो.

मॅकाँकी अगार (लॅक्टोज फोडणारे जंतू गुलाबी आणि न फोडणारे फिके दाखवणारं माध्यम) लिटरला साधारण ५१.५ ग्रॅम लागतो. मी २०० मिली करते, म्हणजे १०.३ ग्रॅम, डिस्टिल्ड पाण्यात, ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये. लहान फ्लास्क घेतला तर उतू जाऊन ऑटोक्लेव्ह घासत बसावं लागतं. १२१ अंशांवर १५ मिनिटं, मग ५० अंशांपर्यंत निववून प्लेटला १८ ते २० मिली. ओतलेल्या प्लेटा झाकण किंचित सरकवून ३७ अंशांवर अर्धा तास सुकवायच्या. जुलैत तासभरही लागतो. पृष्ठभागावर पाणी राहिलं की कॉलन्या (जंतू वाढून झालेले ठिपके) एकमेकींत वाहतात आणि सुटी कॉलनी मिळतच नाही.

एक्सएलडी (झायलोज-लायसीन-डीऑक्सिकोलेट अगार, दुसरं माध्यम) मात्र ऑटोक्लेव्हमध्ये घालायचा नाही. हलवत हलवत जेमतेम उकळी आणायची, लगेच ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवायचा आणि ओतून मोकळं व्हायचं. जास्त तापला किंवा उरलेला पुन्हा वितळवला की तळाशी साका बसतो आणि त्या प्लेटवर वाढ खुरटते. नवशिक्यांच्या हातून हीच चूक सर्वांत जास्त होते.

प्रत्येक बॅचची एकेक प्लेट आधी ओळखीच्या जंतूंनी तपासायची : ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (एटीसीसी म्हणजे प्रमाणित जंतूंचा संग्रह, आकडा त्यातला क्रमांक) मॅकाँकीवर गुलाबी, साल्मोनेला टायफीम्युरियम १४०२८ फिका, आणि स्टॅफ ऑरियस २५९२३ उगवता कामा नये. पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट यांचं कामच ग्रॅम पॉझिटिव्हना दाबण्याचं.

नमुना दोन तासांत प्लेटवर गेला पाहिजे. ठाण्याहून येणारा तेवढ्यात पोचेलच असं नसतं, म्हणून तो कॅरी-ब्लेअरमध्येच (नमुना वाहून आणायच्या माध्यमात) मागवायचा. साध्या डबीत पडून राहिलेला नमुना आंबट होतो आणि शिगेला त्यात पटकन मरतो. शेंब किंवा रक्त दिसतं तिथूनच लूप (तारेचा फासा) भरायचा. मॅकाँकी आणि एक्सएलडीवर थेट स्ट्रीक (लूपने रेघा ओढून पसरवणं), शिवाय सेलेनाइट ब्रॉथच्या (ई. कोलाय दाबून साल्मोनेला वाढवणाऱ्या द्रव माध्यमाच्या) १० मिलीत साधारण १ ग्रॅम नमुना. सेलेनाइटमधून १२ ते १८ तासांनी एक्सएलडीवर घ्यायचं. त्यापुढे ई. कोलाय पुन्हा डोकं वर काढतो. शिगेलासाठी सेलेनाइटचा फारसा भरवसा नाही, म्हणून थेट प्लेट चुकवायची नाही. पेजेसारखे जुलाब असतील तर कॉलऱ्याच्या संशयाने अल्कलाइन पेप्टोन वॉटर. ६ ते ८ तासांनी नळी न हलवता वरच्या थरातून लूप घेऊन टीसीबीएसवर (कॉलऱ्याच्या जंतूसाठीचं माध्यम).

प्लेट १८ ते २४ तासांत वाचायची. मॅकाँकीवर ई. कोलाय लॅक्टोज फोडून आम्ल करतो आणि माध्यमातल्या न्यूट्रल रेड या रंगामुळे गुलाबी दिसतो. आपल्याला हवी ती फिकी, एनएलएफ (लॅक्टोज न फोडणारी). पण गुलाबी कॉलनीच्या शेजारची फिकीही पसरलेल्या आम्लामुळे गुलाबीसर दिसते; म्हणून शेवटच्या क्वाड्रंटमधल्या (स्ट्रीकच्या शेवटच्या चौथाईतल्या) सुट्या कॉलन्यांवरूनच ठरवायचं. ४८ तासांनी वाचणं तर धोक्याचंच : शिगेला सोनेई उशिरा का होईना, लॅक्टोज फोडतो, आणि एक्सएलडीवरच्या पिवळ्या कॉलन्या परत लाल व्हायला लागतात.

एक्सएलडीची गंमत लायसीनमध्ये (एका अमिनो आम्लात) आहे. आम्ल झालं की माध्यम पिवळं, अल्कली झालं की लाल. साल्मोनेला आधी झायलोज ही साखर फोडतो, ते संपलं की लायसीनकडे वळतो आणि माध्यम पुन्हा अल्कली होतं : लाल कॉलनी, मधोमध हायड्रोजन सल्फाइडचा काळा ठिपका. ई. कोलायकडेही लायसीन फोडायची सोय असते, पण लॅक्टोज-सुक्रोजचं आम्लच इतकं होतं की तो पिवळाच राहतो. शिगेला सहसा झायलोजला हात लावत नाही, म्हणून नुसता लाल. आता आपल्याकडचा फास : पॅराटायफी ए-ला (टायफॉइडसारखा ताप आणणाऱ्या साल्मोनेलाला) काळा ठिपका नसतो, तोही शिगेलासारखा साधा लाल. ठिपका नाही म्हणून सोडून दिलं तर तो हातचा गेलाच. उलट काही प्रोटियस काळा ठिपका दाखवून फसवतात, आणि स्यूडोमोनासही लाल येतो.

म्हणून संशयित कॉलनी सुईने वरच्या वर, मध्यावर टेकवून उचलायची आणि आधी न्यूट्रियंट अगारवर (साध्या, कोणालाही न दाबणाऱ्या माध्यमावर) शुद्ध करायची. सिलेक्टिव्ह प्लेटवर न दिसणारे जंतू मेलेले नसतात, नुसते दबलेले असतात. सुई खाली अगारपर्यंत टोचली की तेही सोबत येतात आणि टीएसआयचा (तीन साखरा आणि लोह असलेल्या नळीचा) निकाल बिघडतो. ऑक्सिडेजही (जंतू ओळखायची एक एन्झाइम चाचणी) न्यूट्रियंटवरूनच करायचा. मॅकाँकीवरच्या आम्लामुळे तो खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

टीएसआयमध्ये बुडाशी टोचून उतारावर रेघ, सोबत युरिया. युरिया पटकन गुलाबी झाला तर बहुधा प्रोटियस. बूड पिवळं, उतार लाल, गॅस नाही आणि टोचलेल्या रेषेवर काळी कडा एवढीच असेल तर टायफी (टायफॉइडचा साल्मोनेला) समजून सीरमकडे, म्हणजे प्रतिपिंडांच्या चाचणीकडे, वळायचं. ओ सीरमने (ओ या पृष्ठभागावरच्या प्रतिजनाविरुद्धच्या सीरमने) गुठळ्या होत नसतील तर घाई करून निगेटिव्ह म्हणू नका. व्हीआय हे वरच्या आवरणाचं प्रतिजन ओ-ला झाकून टाकतं. सलाइनमधलं घट्ट सस्पेन्शन उकळत्या पाण्यात १० ते १५ मिनिटं ठेवून, गार करून, तेच सीरम पुन्हा लावायचं.