नैरोबीत शिकायला येणाऱ्यांसाठी : सुरुवातीच्या आठवड्यांचा वृत्तांत

नैरोबी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी मी जुलैमध्ये मुंबईहून आलो. शहर विषुववृत्ताच्या अगदी जवळ असले, तरी ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे जून ते ऑगस्ट या काळात आभाळ दिवसचे दिवस झाकोळलेले असते आणि रात्री स्वेटर घातल्याशिवाय निभत नाही. सुती कपडे थोडे कमी घ्यावेत, पण एक उबदार जाकीट सामानात हवेच.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो कागदपत्रांत. २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली असून ती निघण्यापूर्वीच काढावी लागते. मात्र शिक्षणासाठी इमिग्रेशन विभागाचा विद्यार्थी पास वेगळा लागतो आणि त्याच्या अर्जाला विद्यापीठाच्या पत्राची जोड द्यावी लागते, म्हणून प्रवेश निश्चित होताच त्या पत्राचा पाठपुरावा सुरू करावा. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. तिचे प्रमाणपत्र पासपोर्टसोबतच ठेवावे, कारण सुट्टीत घरी परतताना ते भारतातल्या विमानतळावर मागितले जाते आणि नसल्यास विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. घरून येणारा चिवडा आणि मसाले कापडी पिशव्यांत भरावेत. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर इथे २०१७ पासून बंदी आहे आणि ती कडक आहे.

पोहोचल्यावर पहिले काम सिमकार्डाचे. पासपोर्ट दाखवून ते घेताना त्याच दुकानात एम-पेसाचे खातेही उघडून घ्यावे. २००७ मध्ये सुरू झालेली ही मोबाइलवरची पैशांची सोय आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीची आहे, आणि भाजीवालीपासून घरमालकापर्यंत सगळे व्यवहार तिच्यावरच चालतात. शहरात फिरायला मटाटू, म्हणजे रंगवलेल्या, मोठ्याने संगीत लावलेल्या खासगी बसगाड्या. पाऊस पडला किंवा गर्दीची वेळ झाली की त्यांचे भाडे वाढते, तेव्हा चढण्यापूर्वी ते विचारून घ्यावे, आणि खिडकीशी बसून फोन हातात धरू नये.

माणसे मला फार आवडली. दुकानदाराला असो वा कार्यालयातल्या कारकुनाला, आधी ख्यालीखुशाली विचारायची आणि मगच कामाचे बोलायचे, ही इथली रीत आहे. ती पाळली की अडलेली कामेही पुढे सरकतात. जेवणात उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, आणि सुकुमा विकी ही पालेभाजी असते. चपाती आणि दुधाचा चहा तर इथल्या लोकांचेच झाले आहेत, त्यामुळे शाकाहारी विद्यार्थ्याची उपासमार होत नाही. भारताशी असलेले नाते विद्यापीठाच्या आवारातही दिसते : तिथे महात्मा गांधींचा पुतळा आहे, आणि त्याचे अनावरण १९५६ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांनी केले होते.

पार्कलँड्स भागात गुजराती वस्ती मोठी आहे, डाळी-पिठे सहज मिळतात, आणि शहरात महाराष्ट्र मंडळही आहे. तरीही पहिले सत्र विद्यापीठाच्या वसतिगृहात काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण स्वाहिली कानावर पडते आणि वर्गमित्र जोडले जातात ते तिथेच. पुढे खोली घ्यायची झाल्यास पाण्याची टाकी आहे का, हे अनामत देण्यापूर्वी स्वतः पाहावे. अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही.