किती जण आहात?

आत पलंग टाकून राहता येईल अशी गाडी करायची तर व्हॅनची की जुन्या स्कूलबसची, यावर आमच्या घरी वाद चालू आहे. प्रोमास्टर नावाची एक व्हॅन अमेरिकेत मिळते. घरोघरी खोकी पोचवणाऱ्यांकडे असते ती, पांढरी, उभट, चेहऱ्याने जराशी मठ्ठ. तिची आतली रुंदी सव्वासहा फुटांच्या आसपास भरते. भिंतींना इन्सुलेशन आणि फळ्या ठोकल्या की त्यातले दोन-चार इंच जातात. उरलेल्या जागेत सहा फुटी अमेरिकन माणूस आडवा मावत नाही. मग तो पलंग लांबीत टाकतो आणि निम्मी व्हॅन पलंगातच घालवतो. माझा नवरा पाच फूट सहा इंच आणि मी त्याहून चार बोटं कमी. आम्ही आडवे मावतो, उशीसकट. शाळेतल्या कवायतीच्या रांगेत कायम पहिल्या नंबरावर उभं केलेल्या माणसाला पन्नाशीत असा न्याय मिळतो.

बसच्या बाबतीतही तेच. इथे शाळांच्या जुन्या पिवळ्या बस विकत घेऊन त्यांची घरं करणाऱ्यांची एक जमातच आहे. या बसची आतली उंची मधोमध सहा-साडेसहा फूट असते. खाली-वर इन्सुलेशन घातलं की उंच लोकांची डोकी छताला लागतात. म्हणून ते काय करतात, तर खिडक्यांच्या रेषेत बसच्या पोलादी फासळ्या कापतात, अख्खं छत जॅकवर फूट-दीड फूट उचलतात आणि मधे नवीन पोलाद जोडतात. मला ते वाचूनच धाप लागते. आम्हाला छत जिथे आहे तिथेच चालतं.

म्हणजे देहयष्टीच्या मुद्द्यावर सामना बरोबरीत सुटतो. बाकीच्या मुद्द्यांवर तो आमच्या घरी हिवाळाभर चालू आहे. मुलगी कॉलेजला गेली, घर रिकामं झालं आणि डेन्व्हरच्या उपनगरात बसून इतकी वर्षं जे डोंगर नुसते खिडकीतून बघितले तिकडे आता सावकाश जायचं ठरलं. विमान-हॉटेलवाली धावपळ नको, झोपायची सोय असलेली गाडी घेऊ, इथवर एकमत झालं. गाडी कुठली, यावर नाही. नवरा व्हॅनच्या बाजूचा, मी बसच्या.

त्याचं म्हणणं असं, की व्हॅन कुठेही उभी राहते. भाजी घ्यायला थांबलो तर दुकानासमोरच्या एका चौकटीत मावते, कुणी वळून बघत नाही. बस उभी करायला मैदान लागतं, शिवाय माणसं फोटो काढतात. आमच्या वसाहतीच्या रहिवासी समितीचा मुद्दाही त्याच्याच पारड्यात. कचऱ्याचा डबा किती वाजल्यापासून रस्त्यावर दिसावा यावर जिथे कलम आहे, तिथे दारात पस्तीस फुटी बस दिसली तर काय होईल!

आणि मोठा हुकमी पत्ता म्हणजे मोंटानातलं ग्लेशियर पार्क. तिथे पर्वत चढून पलीकडे उतरणारा ‘गोइंग-टू-द-सन’ नावाचा रस्ता आहे. त्याच्या मधल्या डोंगरी पट्ट्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाडी सोडत नाहीत. मोठ्या स्कूलबसचं अंगच ८ फूट रुंद. आरसे घरी काढून ठेवले तरच रुंदीत काठावर पास. हा नियम त्याने मला इतक्या आनंदाने वाचून दाखवला की मी शोधायलाच बसले. निघालं असं, की मर्सिडीजची लांब स्प्रिंटर व्हॅन, म्हणजे त्याची लाडकी, तीही २१ फुटांत बसत नाही. शिवाय त्याच रस्त्यावर पर्यटकांना फिरवायला १९३० च्या दशकातल्या जुन्या लाल बस धावतात. छत कापडी, हवं तेव्हा मागे सारता येतं. आपली बस पायथ्याशी लावायची, लाल गाडीत बसायचं आणि कड्याच्या बाजूला न बघण्याचं काम ड्रायव्हरवर सोपवायचं. त्या दिवशी जेवताना ग्लेशियरचा विषय निघाला नाही.

इंजिनांबद्दल मी लांबण लावत नाही, ते खातं त्याचं. पण एक गोष्ट त्याने समजावून सांगितली ती मात्र पटली. जुन्या स्कूलबसमध्ये अ‍ॅलिसन कंपनीचा एटी ५४५ नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खूप ठिकाणी सापडतो. गावातल्या गावात पोरं पोचवायला झकास, कारण आयुष्यभर थांबत थांबतच जायचं असतं. पण त्याच्या टॉर्क कन्व्हर्टरला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या भागाला, लॉक होण्याची सोय नाही. उतारावर चाकं आणि इंजिन एकमेकांना घट्ट धरत नाहीत, त्यामुळे इंजिन गाडीला फारसं अडवत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. बोर घाटात गिअरमध्ये गाडी उतरवणारे ड्रायव्हर ज्यांनी बघितले आहेत त्यांना यातली भीती लगेच कळेल. इथे आमच्या घरापासून पश्चिमेला निघालं की ११ हजार फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा लागतो आणि पलीकडे लगेच लांबलचक उतार. ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी तिथे कडेला खडीचे चढ बांधून ठेवलेत. तेव्हा बस घेतली तरी हा गिअरबॉक्स नको, एवढी माझी माघार.

पैशांचं गणित वरवर सोपं आहे. शाळा साधारण १२ ते १५ वर्षांनी बस काढून टाकतात आणि लिलावात ती पाच-सात हजार डॉलरलाही मिळून जाते. नवी कोरी रिकामी व्हॅन, जिच्यात पलंग सोडा, साधी चटईसुद्धा नाही, ती पन्नास हजारांच्या आसपास. मग बस गॅलनला आठ-दहा मैल जाते, व्हॅन पंधरा-सोळा. आपल्या भाषेत लिटरला साडेतीन-चार आणि साडेसहा. नवऱ्याने याचा तक्ता केला. व्हॅनचा जास्तीचा पैसा डिझेलमधून वसूल व्हायला आम्हाला पृथ्वीला किती प्रदक्षिणा घालाव्या लागतील, हा रकाना मात्र त्यात नव्हता.

स्वस्त बस स्वस्तात सोडत नाही, हे मान्य. आतली बाकं जमिनीत आरपार बोल्ट मारून बसवलेली असतात आणि खालच्या बाजूने ते बोल्ट गंजून एकजीव होतात. एक जण बसखाली, एक वर, मधे ग्राइंडरच्या ठिणग्या. बाकं निघाली की रबर, त्याखाली प्लायवूड, त्याखाली पत्रा आणि पत्र्यात गंजाची भोकं. छताचे शेकडो रिव्हेट एकेक करून काढायचे. खिडक्या गळतात. रंगही बदलावा लागतो, कारण तो पिवळा फक्त शाळेचा. १९३९ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सिर यांनी परिषद भरवली आणि देशभरच्या स्कूलबसचे नियम ठरवले. त्यातच हा रंग पक्का झाला, कारण पहाटेच्या अर्धवट उजेडात त्याच्यावरची काळी अक्षरं चटकन वाचता येतात. पोरं उतरवताना बाजूला उघडणारा ‘थांबा’चा हातही काढून टाकायचा. नाही तर तुम्ही चहाला थांबाल आणि मागे गाड्यांची रांग लागेल.

पण या पेटाऱ्याची ताकद बघा. १९७७ पासून इथे नियम आहे की स्कूलबसच्या छताने रिकाम्या बसच्या दीडपट वजन पेललं पाहिजे, बस उलटली तर पोरं चेंगरू नयेत म्हणून. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी घेतलेली ही काळजी आपल्याला भंगाराच्या भावात मिळते. व्हॅन बिचारी खोक्यांसाठी जन्मलेली.

हे सगळे मुद्दे झाले आणि तरी भांडण मिटेना, तेव्हा लक्षात आलं की इथले लोक ज्या क्रमाने विचार करतात त्या क्रमाने आम्हीही करत होतो. आधी इंजिन, मग लांबी, मग मायलेज. आपल्याकडे असा क्रम कुणी लावला असता का? तुम्ही नगरला किंवा सांगलीला ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करा. जायचं कुठे ते तो नंतर विचारतो. पहिला प्रश्न, ‘किती जण आहात?’ सहा म्हणालात तर इनोव्हा. बारा म्हणालात तर ट्रॅव्हलर. पस्तीस म्हणालात तर ‘बसच करा की मग’. आणि बारा सांगितलेले निघताना पंधरा असतात, हे त्यालाही माहीत असतं. ट्रॅव्हलर यायच्या आधी मॅटॅडोर होती, ती पुण्याला आकुर्डीत बनायची. देवदर्शनाला तिच्यात माणसं बसवायची तर ‘लहान मुलं मांडीवर’ हे गृहीतच. माझ्या नवऱ्याचं बालपण या मॅटॅडोरमध्ये गेलं. त्याच्या काकांची होती, आणि याची जागा ठरलेली, पुढे ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या तापलेल्या झाकणावर. जेजुरी येईपर्यंत हा खालून शेकून निघायचा. व्हॅनवरचं त्याचं प्रेम तिथून आलंय असा माझा अंदाज आहे, जरी तो डिझेलचे आकडे सांगत असला तरी.

मी एसटीची. सुट्टीत आजोळी जायचं ते लाल डब्यातूनच. ‘वाट पाहीन, पण एसटीनंच जाईन’ हे महामंडळाने भिंतीवर रंगवायच्या आधी माझी आजी जगत होती. बस म्हटलं की मला उभं राहून चालता येणारी गाडी आठवते, जिच्यात मागे कुणी भांडत असेल तर उठून पुढे जाऊन बसता येतं. संसारात ही सोय फार मोठी. व्हॅनमध्ये रुसायला जागा नाही. रुसलात तरी गुडघे एकमेकांना लागतात.

तर, किती जण? नवरा म्हणाला, ‘आपण दोघं.’ मी म्हटलं, ‘आई?’ माझी आई दर दोन वर्षांनी सहा महिन्यांसाठी येते आणि ती असताना आम्ही दोघंच फिरायला निघून जाणार, हे काही होणार नाही. ‘आणि मुलगी सुट्टीत येईल ती? तिच्या मैत्रिणीला घेऊन?’ तो गप्प झाला. सामानाच्या व्हॅनमध्ये दोनच सीटा असतात. मागे पलंगावर माणूस बसवून हायवेला जाणं धोक्याचं आणि बऱ्याच ठिकाणी बेकायदाही. मागची एक रांग असलेली व्हॅन मिळते, पण ती रांग आली की ओटा गेला किंवा पलंग गेला. बसमध्ये दोन सीटा पट्ट्यांसकट नव्या बसवल्या, तरी ओटा, पलंग आणि रुसायची जागा शिल्लक उरते. जुनी बाकं मात्र त्यासाठी चालत नाहीत. मोठ्या स्कूलबसमध्ये बहुतेक ठिकाणी पट्टेच नसतात, उंच गुबगुबीत पाठी जवळजवळ लावून पोरांना मधे दाबून सुरक्षित ठेवायची ती युक्ती. सत्तरी ओलांडलेल्या बाईला तसं कसं बसवणार?

ओट्याचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी काढला. व्हॅनमध्ये मोहरी तडतडली की तिचा वास उशीला, पांघरुणाला आणि पुढच्या तीन राज्यांना लागतो. छतात पंखा बसवतात, पण तो अंडी आणि कॉफी डोळ्यांपुढे ठेवून बनवलाय, हिंगासाठी नाही. बसला दोन्ही बाजूंनी खाली सरकणाऱ्या खिडक्या. शिवाय डोंगरात कुकर लागणारच. लेडव्हिलसारख्या दहा हजार फुटांवरच्या गावात पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात तूरडाळ संध्याकाळपर्यंत शिजत बसते. कुकर आला की त्याची शिट्टी आली, आणि डोक्यापासून दोन फुटांवर शिट्टी होणं काय असतं हे ज्याने अनुभवलंय त्याने व्हॅनची बाजू घ्यावी.

नवरा आता बसला तयार झालाय, अटींवर. पाच खिडक्यांची आखूड बस, गिअरबॉक्स त्याच्या पसंतीचा, आणि चालवणार तो. मी म्हटलं चालव. समितीचा प्रश्न गावाबाहेरच्या एका आवाराने सोडवलाय, जिथे महिन्याचं भाडं भरून गाडी ठेवता येते. राहतं घर इथे, चालतं घर तिथे, भाडं दोन्हीकडे, असं तो कुरकुरतो. शाळा सुटल्या की लिलाव लागतील, तोवर त्याने जमिनीवर खडूने बसचा नकाशा काढून ठेवलाय आणि आम्ही गॅरेजमध्ये त्या रेषांच्या आत चहा पितो.

आईला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. खडूच्या रेषा, पलंग इथे, तुझी सीट इथे, खिडकीपाशी. तिने शांतपणे ऐकून घेतलं. गुडघ्यांसाठी दाराच्या तीन उंच पायऱ्यांपुढे एक बुटकी पायरी ठेवा म्हणाली. मग विचारलं, ‘आणि संडास?’ आहे, म्हटलं, बसमध्येच आहे, वेगळी खोली, दार लागतं. व्हॅनमध्ये तेवढी जागाच नसती, हेही ठसवून सांगितलं. ती खूश झाली. त्यात पाणी नसतं, खाली नारळाचा भुसा असतो आणि ते आपणच हाताने ढवळायचं असतं, हे तिला विमान उतरून घरी येताना सांगायचं, असं आमचं दोघांचं ठरलंय.