डिसोल्यूशन फेल: एका ओओएसच्या तपासाचा माझा अनुभव

गोळी साधीच होती. डिसोल्यूशनची, म्हणजे औषध किती वेगाने विरघळतं याची, चाचणीही तशीच: ९०० मिली माध्यम, ३७ अंश तापमान, ढवळणारं पॅडल ५० आरपीएमवर (मिनिटाला ५० फेरे). ३० मिनिटांत किमान ८० टक्के औषध विरघळलं पाहिजे, एवढीच अट. पहिल्या टप्प्यात सहा गोळ्या लावतात आणि प्रत्येक गोळी ८५ टक्के किंवा त्याच्या वर यावी लागते. त्या बॅचच्या बहुतेक गोळ्या खालीच राहिल्या. मग बारा, मग चोवीस गोळ्यांपर्यंत गेलो, तरी किमान ८० हवी ती सरासरी ७७ च्या पुढे सरकेना. ओओएस (आउट ऑफ स्पेसिफिकेशन, म्हणजे ठरलेल्या मर्यादेबाहेरचा निकाल) नोंदवला गेला आणि क्यूएमधून, म्हणजे गुणवत्ता विभागातून, तपास माझ्याकडे आला.

तपासाची सुरुवात लॅबपासून होते. स्टँडर्डचं वजन, डायल्यूशन, फिल्टर, माध्यमातली हवा काढली होती का, पॅडलची उंची, बाथचं तापमान, सगळं पाहिलं. जपून ठेवलेली द्रावणं पुन्हा मोजली, आकडे तेच आले. लॅबमध्ये चूक नव्हती. तरी प्रॉडक्शनमधून सूचना आलीच, ‘मॅडम, दुसऱ्या अ‍ॅनालिस्टला द्या ना, पास होईल.’ पास होईपर्यंत टेस्ट लावायची ही जुनी खोड. अमेरिकेत १९९३ मध्ये बार लॅबोरेटरीजच्या खटल्यात न्यायालयाने याच प्रकारावर बोट ठेवलं होतं, आणि ओओएसच्या तपासाची आजची शिस्त बरीचशी त्या निकालातून आली आहे. मी नकार दिला. थोडे दिवस चहाला कुणी बोलावलं नाही.

मग फिशबोनची, म्हणजे संभाव्य कारणं माशाच्या काट्यासारख्या आकृतीत मांडायची, मीटिंग. फिशबोनला मी नावं ठेवत नाही, पण आमच्याकडे तो सोंगटीच्या पटासारखा खेळतात: प्रत्येक विभाग आपली सोंगटी दुसऱ्याच्या घरात सरकवतो. स्टोअर्सने पावसाळ्याचं नाव घेतलं, प्रॉडक्शनने एपीआयचं (मूळ औषधद्रव्याचं), इंजिनिअरिंगने ऑपरेटरचं. मी फळ्यावर दोनच रकाने आखले, फेल झालेली बॅच आणि त्याच महिन्यात पास झालेल्या बॅचेस. दोन्हींत जे सारखं, ते खोडायचं. एपीआयचा लॉट तोच, मॅग्नेशियम स्टिअरेटचा लॉट तोच, ग्रॅन्युल्सचा (गोळीसाठीच्या दाण्यांचा) ओलावा मर्यादेत, खोलीची आर्द्रता मर्यादेत. पाऊस निर्दोष सुटला.

फरक सापडला तो कॉम्प्रेशनच्या, म्हणजे पावडर दाबून गोळी करण्याच्या, नोंदीत. हार्डनेस सगळ्या बॅचेसची जवळजवळ सारखीच होती, पण एरवी ११-१२ किलोन्यूटन दाबाला मिळणारी हार्डनेस या बॅचला १६ ला मिळाली होती. ऑपरेटरने दाब वाढवत नेला होता, कारण गोळ्या मऊ येत होत्या. दाब मर्यादेतच होता, म्हणून कुणी काही बोललं नाही.

मऊ गोळी आणि संथ डिसोल्यूशन एकत्र दिसलं की अनुभवी माणसाला आधी मॅग्नेशियम स्टिअरेट आठवतं. पावडर पंचला चिकटू नये म्हणून ते शेवटी घालतात आणि थोडाच वेळ मिसळतात. जास्त फिरवलं तर त्याचा पाणी झटकणारा थर कणाकणावर पसरतो. मग कण एकमेकांना नीट धरत नाहीत आणि पाणीही आत लवकर शिरत नाही. आमच्या बीएमआरमध्ये (बॅचच्या उत्पादनाच्या नोंदपत्रात) लुब्रिकेशन, म्हणजे स्टिअरेट मिसळणं, ३ मिनिटं, ब्लेंडर १० आरपीएम. सुरू आणि बंद केल्याची वेळ लिहिलेली, सह्या जागच्या जागी. कागदावर सगळं बरोबर होतं, आणि तिथे बरेच तपास थांबतात.

मी वजनकाट्याच्या प्रिंट काढल्या. ब्लेंड खाली उतरवून कंटेनर काट्यावर ठेवला की चिठ्ठीवर वेळ छापली जाते. आधीच्या बॅचेसमध्ये ब्लेंडर थांबल्यापासून शेवटच्या कंटेनरपर्यंत पाऊण तास कधी लागला नव्हता. इथे दीड तासाच्या वर गेला होता.

ग्रॅन्युलेशनच्या मामांना मीटिंगमध्ये नाही, मशीनपाशी जाऊन विचारलं. ‘पावडर उतरतच नाय मॅडम. मग व्हॉल्व्ह लावायचा, इंचिंगवर (ब्लेंडर थोडा थोडा फिरवत) चार-पाच फेरे द्यायचे, परत सोडायचं.’ किती वेळा? ‘उतरेपर्यंत.’ आणि लिहिलं का नाही? ‘त्यात रकानाच नाय.’

इथे ‘ऑपरेटरची चूक, प्रशिक्षण दिलं’ असं लिहून फाइल बंद करण्याचा आग्रह झाला, कारण ३० दिवसांची मुदत जवळ आली होती. युरोपच्या जीएमपीच्या (औषध उत्पादनाच्या नियमावलीच्या) पहिल्याच प्रकरणात म्हटलं आहे की मानवी चूक हे कारण द्यायचं असेल तर प्रक्रियेतला किंवा व्यवस्थेतला दोष नजरेआड झालेला नाही, याची खात्री करून त्याचं समर्थन द्या. मला ते वाक्य त्या मीटिंगमध्ये फार उपयोगी पडलं. मामांनी जे केलं ते त्यांच्या जागी कुणीही केलं असतं. प्रश्न असा होता की पावडर अचानक उतरेनाशी का झाली.

मेंटेनन्सच्या वहीत उत्तर होतं. डिस्चार्ज व्हॉल्व्हचं गॅस्केट बदललं होतं, ‘लाइक फॉर लाइक’ (जसं होतं तसंच) असा शेरा मारून, म्हणून चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाची औपचारिक तपासणी, नाही. नवं गॅस्केट जाड होतं. व्हॉल्व्हची तबकडी पूर्ण उघडायच्या आत अडत होती. स्पेअरच्या यादीत गॅस्केटचा व्यास होता, जाडी नव्हती. खरेदी विभागाने व्यास जुळवून दुसऱ्या पुरवठादाराचा माल आणला होता, त्यांचंही काही चुकलं म्हणता येत नाही.

एवढ्यावर मूळ कारण जाहीर करायला मी तयार नव्हते. आर अँड डीच्या छोट्या ब्लेंडरमध्ये तेच ग्रॅन्युल्स ३, १० आणि २० मिनिटं फिरवले आणि सारख्याच हार्डनेसच्या गोळ्या काढल्या. वेळ वाढला तसा दाब जास्त लागला आणि डिसोल्यूशन पायरीपायरीने उतरलं. व्हॉल्व्ह दुरुस्त झाल्यावर पुढची बॅच पूर्वीच्याच वेळात उतरली आणि पहिल्याच टप्प्यात पास झाली.

बॅच नाकारली गेली. कापामध्ये (चूक सुधारण्याच्या आणि पुन्हा होऊ न देण्याच्या उपायांत) स्पेअरच्या यादीत जाडी आणि मटेरियल आलं, ‘लाइक फॉर लाइक’च्या शेऱ्यावर क्यूएची सही सक्तीची झाली, बीएमआरमध्ये इंचिंगच्या फेऱ्यांचा रकाना आणि कमाल मर्यादा आली. सगळ्यात जास्त वाद मात्र वेगळ्याच मुद्द्यावर झाला: गॅस्केट बदलल्यापासून ही बॅच फेल होईपर्यंत जो माल पास होऊन बाजारात गेला, त्याचं काय? त्यातल्या प्रत्येक बॅचचे राखीव नमुने आम्ही काढून तपासले. सगळे मर्यादेत होते, पण दोन बॅचेस अगदी काठावर. त्या दोन्ही स्टॅबिलिटीला (काळानुसार औषध कसं टिकतं या चाचणीला) लावल्या आहेत आणि त्यांचे आकडे आले की आधी माझ्याच टेबलावर येतात.