दोआई: येणाऱ्यांचा फलाट, परतणाऱ्यांचा फलाट

शनिवार रात्र, मुक्काम मिनाकामी

पोटऱ्या भरून आल्यात, पण आजचं आजच लिहायला हवं.

दोआई पाहिलं. जपानच्या गुन्मा प्रांतात, तानिगावा डोंगराच्या पायथ्याशी, जोएत्सु रेल्वेमार्गावरचं चिमुकलं स्टेशन. मिनाकामीहून लोकल निघाली आणि बोगद्यात शिरली. आधी युबिसो, मग दोआई. दोन्ही स्टेशनांचे या दिशेचे फलाट बोगद्याच्या आतच. गाडी पुढे गेली आणि ऑगस्टमध्येही अंगावर काटा आला, इतका गारठा. स्टेशनची इमारत इथून सुमारे ७० मीटर वर. समोर एकच सरळसोट जिना, ४६२ पायऱ्यांचा. तो संपला की युबिसो नदीवरून जाणारी बंदिस्त वाट आणि आणखी २४ पायऱ्या.

हे असं का? १९३१ साली झालेला जुना शिमिझु बोगदा बराच वर आहे, तिथवर रूळ डोंगरात वेटोळं घेत चढतात. १९६७ साली दुसरा रूळ टाकताना खालून सरळ, १३ किलोमीटरहून लांब बोगदा खणला. तेव्हापासून नागाओकाकडे जाणारी गाडी पाताळात थांबते आणि ताकासाकीकडे परतणारी वर, उन्हात. जिन्याच्या कडेला सरकत्या जिन्यासाठी जागा ठेवलेली दिसते. ती तशीच रिकामी आहे. १९८२ मध्ये शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुरू झाली आणि लांब पल्ल्याचे प्रवासी तिकडे वळले. आता इथं कर्मचारी नाहीत, दिवसाला गाड्याही मोजक्याच.

चढताना मनात सारखे गिर्यारोहकच येत होते. तोक्योच्या उएनोहून रात्रीच्या गाडीनं निघायचं, अंधारात इथं उतरायचं आणि पाठीवर सॅक घेऊन हा जिना चढून तानिगावाच्या कड्यांना भिडायचं. शेवटची कसारा लोकल पकडून हरिश्चंद्रगडाला गेलेल्या माणसाला ती उतावीळ नीट कळते. पण १९३१ पासून या डोंगरानं आठशेहून अधिक जीव घेतलेत. स्टेशनजवळच्या स्मारकावर त्यांची नावं कोरलेली आहेत. ती वाचताना ध्यानात आलं: यातल्या कितीतरी जणांनी येतानाचा फलाट पाहिला, परतीचा नाही. मग तिथून पाय निघेना.

तिकीटघराच्या जुन्या खोलीत आता कॉफी मिळते. माणसं मुद्दाम जिना चढायला येतात, फोटो काढतात. येऊ देत, मला ते आवडलं. २०२२ मध्ये जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीनं तोट्यातल्या मार्गांची आकडेवारी जाहीर केली, त्यात मिनाकामी ते एचिगो-युझावा हा टप्पाही आहे. त्यामुळे इथं रेल्वेनंच यावं, मोटारीनं नाही, असं मला फार वाटतं. गाडीच थांबेनाशी झाली तर या ४६२ पायऱ्या चढायच्या तरी कुठून कुठे?

ऑक्टोबरात पानं रंगली की इचिनोकुरासावाचा कडा बघायला जायचं. येताना पुन्हा खालूनच.